'पाठीतलं पाणी' काढणारा जर्मन डॉक्टर, ज्यांच्यामुळे मेंदूत लपलेला ब्लड कॅन्सर सापडतो

पोराला ब्लड कॅन्सर निघाला की डॉक्टर सांगतात, पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल. आईबाप हादरतात. आजार रक्ताचा, मग सुई पाठीत कशाला? आणि पोरगं लुळं पडलं तर?

या सुईमागचा माणूस म्हणजे हाइनरिश क्विंके.

जन्म १८४२ चा. बर्लिनमध्ये डॉक्टर झाले, पुढं बर्नला प्राध्यापक, आणि १८७८ पासून ३० वर्षं कील विद्यापीठात. खरं नाव झालं ते १८९१ मध्ये.

झालं असं की, त्यांच्याकडे पावणेदोन वर्षांचं एक बेशुद्ध पोरगं आलं होतं. मेंदूवरचा दाब कमी करायचा तर कवटीला भोक पाडायची पद्धत. पण मेंदूभोवतीचं पाणी मणक्यातही खेळतं, हे क्विंके यांनी आधीच कुत्र्यांवर पाहिलं होतं. मग कंबरेतूनच का काढू नये? मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या भागात संपतो. त्याखाली नसांचे धागे पाण्यात तरंगतात, सुई आली की बाजूला सरकतात. लुळं पडायची भीती म्हणूनच अनाठायी. पोरगं वाचलं.

लंडनच्या वॉल्टर विंटर यांनीही त्याच काळात असं पाणी काढलेलं, पण कातडी कापून, नळी घालून. क्विंके यांनी बारीक सुई वापरली, दाब मोजला, पाण्यातली प्रथिनं, साखर, पेशी तपासल्या. उपचार म्हणून सुरू झालेली गोष्ट तपासणी बनली.

ल्युकेमियाला तिची गरज पडली फार उशिरा. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन वापरून मुलांचा आजार काही काळ मागे हटवला. हे औषध आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमचं. औषधं वाढली, पोरं जास्त जगू लागली आणि नवीनच संकट दिसलं. रक्त स्वच्छ, पण डोकेदुखी, उलट्या. रक्तातून मेंदूत जायच्या वाटेवर जी नैसर्गिक चाळण असते, ती बरीच औषधं अडवते. कॅन्सरच्या पेशी पलीकडं सुरक्षित राहायच्या.

त्या पकडायच्या तर पाणीच बघावं लागतं. एमआरआय नॉर्मल असला तरी. काही मिली पाणी यंत्रात फिरवून पेशी काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ब्लास्ट शोधतात. एका मायक्रोलिटरमध्ये ५ किंवा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यात ब्लास्ट, म्हणजे आजार तिथं पोचला. सुई रक्तवाहिनीला लागून रक्त मिसळलं तर रिपोर्ट फसवा होतो, म्हणून पहिल्या वेळी हात अनुभवी लागतो. त्याच सुईतून औषधही आत सोडतात.

क्विंके १९२२ मध्ये गेले. ऑपरेशन थिएटरच्या ट्रेमध्ये ती सुई आजही क्विंके नीडल म्हणूनच मागवली जाते.