लक्ष्मणराव किर्लोस्कर : माळरानावर गाव वसविणारा उद्योजक

धारवाडहून किंवा वास्कोहून पुण्याकडे जाणारी आगगाडी लोंढा, बेळगाव, मिरज मागे टाकीत पुढे जाते, तेव्हा सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी हे स्थानक लागते. पूर्वी याचे नाव कुंडल रोड होते. स्थानकाचे नाव बदलावे एवढे मोठे काम ज्यांनी येथे उभे केले, त्या लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला.

लहानपणापासून त्यांना ओढ दोनच गोष्टींची, चित्रांची आणि यंत्रांची. वडीलबंधू रामूअण्णांच्या आधाराने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण रंग ओळखण्यात दृष्टिदोष आड आला. मग यांत्रिक रेखाटन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला परतले. तेथे बंधूंसह सायकलींचे दुकान चालविता चालविता त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनविण्यास आरंभ केला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिले नांगर बराच काळ पडून राहिले.

कारखान्याचा जम बसू लागला तोच नगरपालिकेने शहराच्या विस्तारासाठी ती जागा मागितली. नव्या उपनगराच्या आखणीत जुन्या कारखान्याला स्थान नव्हते. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोडजवळची ३२ एकर पडीक जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. १९१० साली सुमारे पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. निवडुंग, साप आणि पाण्याचे दुर्भिक्ष, एवढेच तेथे मुबलक होते.

इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांच्या कल्पनेतून लेचवर्थ हे पहिले उद्याननगर १९०३ पासून उभे राहत होते. शहराचे काम आणि खेड्याची मोकळी हवा एकत्र आणावी, हा त्यामागचा विचार. लक्ष्मणरावांची वाडी त्याच जातीची. मात्र येथे कोणतीही मोठी संस्था पाठीशी नव्हती. कारखान्याच्या भट्टीबरोबरच घरे, रस्ते, झाडे उभी राहिली. वसाहतीची आखणी व कारभार रामूअण्णांनी सांभाळला. अस्पृश्यता पाळण्यास वाडीत मनाई होती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्याचे काम देण्याचे धाडसही लक्ष्मणरावांनी केले. १९२० पासून शंकर वासुदेव किर्लोस्करांच्या संपादनाखाली येथून मासिक निघू लागले आणि वाडीचे नाव मराठी घराघरांत पोहोचले.

या रचनेत एक उणीव मात्र होती. हॉवर्ड यांच्या कल्पनेत जमीन रहिवाशांच्या सामाईक हिताची. वाडीत घर आणि रोजगार दोन्ही एकाच कारखान्याच्या हाती. मालक सहृदय असेतो ही उणीव झाकली जाते. शिवाय वाडी सभोवतालच्या गावांपेक्षा वेगळी दिसत राहिली. जानेवारी १९४८ मध्ये महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर ब्राह्मणांविरुद्ध उसळलेल्या क्षोभात किर्लोस्करवाडीही जाळपोळीत सापडली. ज्या वस्तीच्या उंबरठ्यावर जातिभेदाला मज्जाव होता, तिच्यावर जातिद्वेषाचाच घाला पडला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला, हे त्यांनी पाहिले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

आज हुबळी-धारवाडपासून गोव्यापर्यंत नव्या वसाहतींचे आराखडे रोज आखले जातात. त्यांत भूखंड असतात, रस्ते असतात, बागेसाठी राखून ठेवलेली जागाही असते. तेथे राहणाऱ्याला काम कोठे मिळेल आणि शेजारी कोण चालेल, हे दोन प्रश्न मात्र बहुधा कागदाबाहेर राहतात. शहराच्या विस्ताराने विस्थापित झालेल्या लक्ष्मणरावांनी आपली वाडी आखताना प्रारंभ याच दोन प्रश्नांपासून केला होता.