तालीम तुटली, पण रियाज तुटू दिला नाही. पाण्याखाली गेलेल्या कुर्डीच्या मोगूबाईंची गोष्ट

मे महिना आला की गोव्यातल्या सांगे तालुक्यात एक गाव पाण्यातून वर येतं. साळावली धरणाचं पाणी खाली गेलं की कुर्डी गावाच्या घरांचे चौथरे, जुन्या वाटा, झाडांचे वाळलेले बुंधे दिसायला लागतात. धरणामुळे उठलेली माणसं त्या दिवसांत पोराबाळांना घेऊन तिथं जातात, आपलं घर कुठं होतं ते दाखवतात, देवळात उत्सव करतात. पाऊस लागला की गाव परत पाण्याखाली. आपल्याकडे तिलारीच्या धरणात ज्यांची घरं गेली, त्यांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको.

याच कुर्डीत 15 जुलै 1904 रोजी एक मुलगी जन्मली. नाव मोगू. पुढं तीच गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर झाली. गावाची जमीन पाण्यात गेली, पण त्यांच्या आडनावामुळे गावाचं नाव देशभर राहिलं.

आजकाल गावागावांत पोरं मोबाईलवर बघून गाणं शिकतात. भजनी मंडळात गातात, स्पर्धेला जातात. पण महिना-दोन महिन्यांत आवाज तयार होत नाही म्हणून बरीच जण सोडून देतात. कुणी म्हणतं गुरू नाही, कुणी म्हणतं वेळ नाही. अशा सगळ्यांनी मोगूबाईंचं आयुष्य एकदा वाचावं, म्हणून हा लेख.

आईची इच्छा

मोगूच्या आईचं नाव जयश्रीबाई. त्या स्वतः गायच्या. घरची परिस्थिती बेताची, पण पोरीनं मोठी गायिका व्हावं हा एकच ध्यास. त्या काळी गाणाऱ्या घरातल्या मुलीला समाजात मान कमी आणि बोलणारी तोंडं जास्त. तरी आईनं माघार घेतली नाही. मुलगी लहान असतानाच तिला नाटक कंपनीत घातलं. तिथं गाणं कानावर पडेल, पोटालाही मिळेल, हा हिशेब.

1914 साली आई गेली. मोगू तेव्हा दहा वर्षांची. जाताना आईनं गाण्याचीच आठवण ठेवायला सांगितली, असं सांगतात. दहा वर्षांच्या पोरीच्या पाठीशी आता कुणी नव्हतं.

पुढं ती सातारकर स्त्री संगीत मंडळी या कंपनीत गेली. ही बायकांची नाटक कंपनी, म्हणजे पुरुषांच्या भूमिकासुद्धा बायकाच करायच्या. तिथं मोगूनं सौभद्र नाटकातली सुभद्रा केली, पुण्यप्रभाव नाटकातली किंकिणी केली. लोकांना तिचं गाणं आवडायला लागलं. पण कंपनीत जमलं नाही आणि तेही काम सुटलं. आई नाही, कंपनी नाही, हातात पैसा नाही. वय पंधराच्या आसपास.

सांगलीतली ती वाट

त्या दिवसांत ती सांगलीत राहत होती. कंपनी सुटली तरी एक गोष्ट तिनं सोडली नाही. घरात बसून, जेवढं येत होतं तेवढं ती रोज गायची. समोर ऐकायला कुणी नाही, शाबासकी द्यायला कुणी नाही, चुकलं तर सांगायलाही कुणी नाही.

याच वेळी उस्ताद अल्लादिया खाँ औषधोपचारासाठी सांगलीत आले होते. जयपूर घराण्याचे हे मोठे गवई, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारातले. जाता-येता त्यांच्या कानावर या मुलीचा आवाज पडायचा. ते थांबून ऐकायचे. एक दिवस ते सरळ घरात आले आणि तिला शिकवायला लागले. हे एवढे मोठे कोण आहेत, हे मुलीला सुरुवातीला माहीतच नव्हतं, असं सांगतात.

आता यात नशीब आहे का? आहे. पण खाँसाहेब त्या वाटेनं गेले तेव्हा घरातून आवाज येत होता, हे नशीब नव्हे. ती त्या दिवशी कंटाळून गप्प बसली असती, तर ते तसेच पुढे गेले असते. पाऊस कधी पडेल ते आपल्या हातात नसतं, पण रान नांगरून ठेवणं आपल्या हातात असतं. तसंच हे झालं.

गुरू मिळाले आणि दुरावले

सांगलीतली तालीम फार दिवस टिकली नाही. खाँसाहेब मुंबईला गेले. मोगूबाईही त्यांच्या मागं मुंबईला आल्या. परक्या शहरात तरुण मुलगी, ओळखीचं माणूस नाही. आता शिक्षण नीट सुरू होईल असं वाटत असतानाच ते थांबलं. त्या काळी मोठ्या गवयाला ठेवून घेणारी माणसं अट घालायची, की आमच्याच माणसाला शिकवा, दुसऱ्याला नको. असल्या अटींपायी मोगूबाईंना खाँसाहेबांची तालीम मिळेना.

इथं पुष्कळांनी नाद सोडला असता. मोगूबाईंनी वाट शोधली. आग्रा घराण्याचे बशीर खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडे त्या काही काळ शिकल्या. पुढं अल्लादिया खाँसाहेबांचे धाकटे भाऊ हैदर खाँ यांच्याकडून त्यांना जयपूर घराण्याची तालीम मिळू लागली. काही वर्षांनी हैदर खाँ मुंबई सोडून गेले. परत एकदा तालीम तुटली.

शेवटी 1934 साली अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना रीतसर गंडा बांधला, म्हणजे शिष्या म्हणून स्वीकारलं. सांगलीतल्या पहिल्या भेटीपासून मोजलं तर मध्ये चौदा-पंधरा वर्षं गेली होती. तोवर मोगूबाईंचं लग्न झालं होतं, मूलही झालं होतं. खाँसाहेब 1946 साली वारले, तोपर्यंत हे शिक्षण चाललं.

मधल्या वर्षांत काय केलं?

गुरू नसताना त्या काय करत होत्या, हेच आपल्या कामाचं आहे. जेवढी तालीम मिळाली होती, तेवढीच त्या घोटत राहिल्या. रोज नवीन काही मिळत नव्हतं. मग आहे तेच परत परत गायचं. एकच राग, एकच बंदिश, तोच सूर.

जयपूर घराण्याचं गाणं सोपं नाही. त्यात आवाज मोकळा, आकारात लावायचा. म्हणजे तोंड नीट उघडून, सूर नाकात किंवा घशात न अडकवता. दम लांब लागतो, कारण तान एका श्वासात दूरवर न्यायची असते. वरून तालाचं भान सुटून चालत नाही. तबल्याचा ठेका संथ चालतो, त्यात गाणाऱ्यानं आपली वाट काढत बरोबर समेवर यायचं. त्यातले कित्येक राग जोडराग, म्हणजे दोन रागांची वीण. एक धागा चुकला की सगळं विस्कटतं. हे पाहून कळत नाही, पाठ करूनही येत नाही. रोज थोडं थोडं करून ते गळ्यात उतरतं. मोगूबाईंची लयीवरची पकड अशी होती, की भलेभले तबलजी त्यांच्यासमोर जपून वाजवायचे.

घर आणि गाणं

संसारातही सुख फार नव्हतं. नवरा लवकर गेला. पदरात तीन लहान मुलं. त्यांना वाढवायचं, शिकवायचं, आणि कमाईचं साधन फक्त गाणं. कार्यक्रमाला रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून जायचं, कुणाच्या तरी घरी उतरायचं, मिळेल ते मानधन घ्यायचं. बाई कलाकाराला किती कमी लेखलं जायचं, हे थोरल्या मुलीनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आणि पुढं मुलाखतींमधून सांगितलं.

ती थोरली मुलगी म्हणजे किशोरी आमोणकर. आईच्या मागं तंबोऱ्यावर बसून ती शिकली. माई, म्हणजे मोगूबाई, शिकवताना एखादी ओळ एक-दोनदाच गाऊन दाखवायच्या. तेवढ्यात नीट ऐकायचं आणि मग स्वतः घोटायचं. ज्या बाईला स्वतःला तालीम तुकड्या-तुकड्यानं मिळाली, तिला ऐकण्याची किंमत पक्की कळलेली होती. कमल तांबे, पद्मा तळवलकर, अरुण द्रविड असे शिष्यही त्यांनी तयार केले.

1968 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1974 साली पद्मभूषण मिळालं. पद्मभूषण मिळालं तेव्हा त्या सत्तरीला आल्या होत्या. 10 फेब्रुवारी 2001 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आपण काय घ्यायचं?

आता मोबाईलवर तंबोरा मिळतो. पट्टी लावली की तासभर वाजत राहतो. मोठ्या गवयांचं गाणं फुकट ऐकायला मिळतं. मोगूबाईंना यातलं काही नव्हतं. पण मोबाईल आपली चूक सांगत नाही, आणि आपल्या जागी रियाजही करत नाही. तेव्हा ज्यांना शिकायचंय त्यांनी एवढं तरी करावं.

सकाळी गुरं-ढोरं, दूध, पाणी यातून अर्धा तास काढा. तंबोऱ्याबरोबर नुसता सा लावा. तो स्थिर होईस्तोवर पुढं जाऊ नका. जोर लावून ओरडू नका, घसा दुखला तर थांबा आणि आवाजाला विश्रांती द्या. वरच्या पट्टीची घाई नको. महिन्याला दहा गाणी धरू नका, एकच अभंग धरा. आपलंच गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, कुठं बेसूर होतं ते कळतं. आणि पंचक्रोशीत कुणी जाणकार बुवा असतील तर अधूनमधून त्यांच्यासमोर बसा. चूक दाखवणारं माणूस लागतंच. मोगूबाईंनीही गुरूचा शोध कधी सोडला नव्हता.

येत्या मे महिन्यात कुणाला जमलं तर कुर्डीला जाऊन या. पाणी उतरलं की मोगूबाईंच्या घराचे अवशेष लोक दाखवतात. आता तिथं फक्त दगड-माती उरलीय. त्या दगडांपाशी उभं राहून मोबाईलवर त्यांचं एखादं ध्वनिमुद्रण लावा आणि शेवटपर्यंत ऐका. मग घरी येऊन दुसऱ्या दिवशी सकाळी सा लावा.