नांदायला नकार देणाऱ्या डॉ. रखमाबाई

भगिनींनो, छळ सोसून माहेरी आलेल्या मुलीला आपल्या भंडारा जिल्ह्यातही आधी विचारतात, परत कधी जाणार? मुंबईच्या रखमाबाईला तर हायकोर्टानेच तसे फर्मावले होते.

तिचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, जात सुतार. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न लागले. दादाजी मामाच्या घरी राही. शिक्षण नाही, कामधंदा नाही, प्रकृतीही खराब. रखमाबाई त्या घरी गेलीच नाही. १८८४ साली दादाजीने बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला, पण अपिलात फिरला. मार्च १८८७ मध्ये निकाल लागला की महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तिने तुरुंग पत्करला. टिळकांच्या केसरीने तिच्याविरुद्ध बाजू घेतली. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

एवढी हकिकत पुष्कळांना ठाऊक असते. मला मोठे वाटते ते पुढचे. वय तेवीस, घटस्फोट नाही, नावाची देशभर चर्चा. अशी बाई घरात तोंड लपवून बसली असती तर कोणी नवल केले नसते. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी धीर दिला, वर्गणी जमली. १८८९ साली ती लंडनला गेली आणि १८९४ साली डॉक्टर झाली. सुरतला, पुढे राजकोटला, सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी बायकांच्या दवाखान्यात काम केले. स्वतःच्या कमाईवर जगल्या, पुन्हा लग्न केले नाही. निवृत्तीनंतर पडदा पद्धतीविरुद्ध पुस्तिका लिहिली.

मात्र १९०४ साली दादाजी वारला तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे नेसले. मला ते पटत नाही. पण हसण्यापूर्वी आपल्या घरचे जुने देव्हारे किती दिवसांनी हलले, ते आठवा.

हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. १९५४ साली ते आपल्या भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले. त्या बिलातला विवाहाचा भाग मे १९५५ मध्ये कायदा झाला. तो बौद्धांनाही लागू आहे. छळासाठी घटस्फोट मात्र १९७६ च्या दुरुस्तीने मिळू लागला.

कायदा झाला तेव्हा रखमाबाई नव्वद वर्षांच्या होत्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या वारल्या.