चिखलाची बाजू घेणाऱ्या बाई

रेचल कार्सन म्हटलं की सगळ्यांना ‘सायलेंट स्प्रिंग’ आठवतं. मी खाडीकाठी वाढलेला, मला त्या आठवतात खाजणासाठी.

१९०७ साली समुद्रापासून लांब, पेनसिल्व्हेनियात त्यांचा जन्म. प्राणिशास्त्रात एम.ए. केलं, पण पैशांअभावी डॉक्टरेट राहिली. वडील गेले, मग बहीण गेली. आई आणि दोन भाच्यांचा भार घेऊन बाईंनी सरकारी नोकरी केली. त्याच नोकरीत १९४७ साली शिंकोटीग अभयारण्यातल्या खाजणांवर, पाखरांवर पुस्तिका लिहिली.

लोकांच्या लेखी खाजण म्हणजे डास आणि चिखल! पण माशांची पिल्लं वाढतात तिथेच. १९५५ साली फ्लोरिडात चिलटांच्या अळ्या मारायला सुमारे २००० एकर खाजणावर डिल्ड्रिन टाकलं. ११ लाखांहून जास्त मासे मेले, खेकडेही गेले. बाईंनी हे १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये मांडलं. रसायन कंपन्या तुटून पडल्या. अंगात कॅन्सर, तरी १९६३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. पुढच्याच वर्षी, ५६ व्या वर्षी त्या गेल्या.

मेनच्या किनाऱ्यावरची खाजणं राखणारं अभयारण्य आज त्यांच्या नावाने आहे. मंडळी, तिकडे गेलात तर चिखलाला नाक मुरडू नका. आपल्या ताटातल्या माशाचं बालपण तिथलंच असेल.