खंजिरीवरची रचना : तुकडोजी महाराज
यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या गावी सामुदायिक प्रार्थनेला आपण बसला असाल, तर खंजिरीचा ठेका आपल्या ओळखीचा असेल. त्या ठेक्यामागे तुकडोजी महाराज आहेत. माणिक बंडोजी इंगळे हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९०९, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना भक्तिमार्ग दाखविला. त्यांची भजने, मराठी असोत वा हिंदी, छापील पानावर क्वचित सपाट वाटतात. ती आपण मोठ्याने म्हणून पाहावीत. समोर बसलेल्या शेतकऱ्याला ध्रुपद लगेच उचलता यावे, अशीच त्यांची बांधणी आहे. १९४२ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले, ते या गाण्यांचा परिणाम पाहूनच. ग्रामगीतेसाठी मात्र त्यांनी संतांची ओवी स्वीकारली आणि तिच्यात गावाची स्वच्छता, आरोग्य असे विषय आणले.