सरोवराची नाडी पाहणारा डॉक्टर

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरातली पांढरी एनॅमलची थाळी सुतळीला बांधून गावच्या तळ्यात सोडली. दोन हात गेली न गेली तोच ती दिसेनाशी झाली. वर आईची बोलणी खाल्ली, ती वेगळीच! पण ज्यांच्या चरित्रामुळे हा उद्योग सुचला, त्या फोरेल यांच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

फ्रांस्वा आल्फाँस फोरेल यांचा जन्म १८४१ साली स्वित्झर्लंडमध्ये, जिनीव्हा सरोवराकाठच्या मोर्ज या गावी झाला. शिक्षणाने ते डॉक्टर. लोझानला शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय ते शिकवीत. मन मात्र घराजवळच्या पाण्यात. १८६९ मध्ये सरोवराच्या तळाचा गाळ तपासताना त्यांना त्यात एक जिवंत कृमी आढळला. खोल तळाशी जीव नसतात, असा तोवर समज होता. त्या इवल्याशा किड्यानेच त्यांना जन्मभर सरोवराशी बांधून टाकले, असे मला वाटते.

पाणी किती नितळ आहे हे पाहण्यासाठी त्यांनी आंजेलो सेक्की या इटालियन ज्योतिर्विदाची तबकडी वापरली. सेक्कींनी ती १८६५ साली समुद्रात सोडून पाहिली होती. रीत अगदी साधी. पांढरी तबकडी नावेच्या सावलीत खाली सोडायची. ती दिसेनाशी होते ती खोली टिपायची, वर ओढताना पुन्हा दिसते तीही टिपायची आणि दोहोंची सरासरी घ्यायची. पण एकदा मोजून काय कळणार? फोरेल ऋतूमागून ऋतू मोजत राहिले, तेव्हा दिसले की तेच सरोवर हिवाळ्यात नितळ आणि उन्हाळ्यात गढूळ असते. उन्हाळ्यात सूक्ष्म शेवाळ वाढते, शिवाय वितळत्या हिमनद्यांचा बारीक गाळ ऱ्होन नदी घेऊन येते. माझी एका दुपारची थाळी म्हणजे रोग्याची नाडी एकदाच पाहून औषध देण्यासारखे झाले!

पाण्याच्या रंगासाठीही त्यांनी काचेच्या नळ्यांत रंगीत द्रावणे भरून मोजमाप ठरविले. सरोवरांच्या या शास्त्राला ‘लिम्नॉलॉजी’ हे नाव त्यांनीच दिले. त्यांचा ‘ल लेमाँ’ हा ग्रंथ १८९२ ते १९०४ या काळात तीन खंडांत निघाला. १९१२ मध्ये मोर्जलाच ते वारले.

पुढे सांडपाण्यातील फॉस्फेटमुळे या सरोवरात शेवाळ माजले. १९८६ साली स्वित्झर्लंडने कपडे धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट घालण्यास बंदी केली. तबकडी मात्र आजही तिथल्या पाण्यात उतरते.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा तळ्यावर जाणार आहे. आईने या वेळी पोपडे उडालेली जुनी थाळी काढून ठेवली आहे.