विश्लेषण : गांधीजींकडे युद्धाची दोन पदके होती, बंदूक न उचलता मिळालेल्या या सन्मानाचे मोल काय?

प्रत्यक्ष लढाईत न उतरलेल्याला लढलेल्या सैनिकाइतकाच मान मिळावा का? वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न जवळचा आहे. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी भीषण आग लागली. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह जवान आणि अग्निशमन कर्मचारी त्यात मृत्युमुखी पडले. समोर शत्रू नव्हता, पण कर्तव्य लष्कराचेच होते. याच जिल्ह्यातील सेवाग्राम १९३६ पासून ज्यांचे घर झाले, त्या महात्मा गांधींनीही तरुणपणी बंदुकीविना लष्करी सेवा केली होती.

गांधीजी युद्धावर का गेले?

१८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि बोअर यांच्यात युद्ध पेटले. गांधीजी तेव्हा तिशीतले वकील. त्यांची सहानुभूती बोअरांकडे होती. पण ब्रिटिश प्रजा म्हणून हक्क मागायचे तर कर्तव्यही करावे लागेल, असे त्यांना वाटे. शिवाय, भारतीयांना फक्त पैसा कळतो, संकटात ते कामाचे नाहीत, असा गोऱ्यांचा टोमणा होता. त्यांनी मदत देऊ केली तेव्हा सरकारने ती आधी नाकारली. मृत आणि जखमींची संख्या वाढली, तेव्हा स्वीकारली.

सुमारे १,१०० भारतीयांची रुग्णवाहक तुकडी उभी राहिली. त्यात सुमारे ३०० स्वतंत्र भारतीय, बाकीचे करारबद्ध मजूर. काम जखमींना स्ट्रेचरवरून नेण्याचे. काही दिवशी २० ते २५ मैल, म्हणजे ३२ ते ४० किलोमीटर. खांद्यावर जखमी माणूस घेऊन, उन्हाळ्यात! (तिकडे डिसेंबर-जानेवारी म्हणजे उन्हाळा.) गोळीबाराच्या टप्प्यात जाण्याची अट त्यांना नव्हती. तरी स्पिऑन कोपच्या लढाईत विनंती झाली आणि ते आत गेले.

कोलेन्सोच्या लढाईत तोफा वाचवताना कोसळलेले लेफ्टनंट रॉबर्ट्स यांना याच तुकडीने वाहून नेले, अशी नोंद गांधीजींनी केली आहे. रॉबर्ट्स यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तुकडीच्या सुमारे ४० प्रमुखांना युद्धपदक मिळाले. आठशेच्या आसपास मजुरांनी तेच स्ट्रेचर उचलले होते. त्यांची नावेही आज कुणाला ठाऊक नाहीत.

झुलू बंडात काय पाहिले?

१९०६ मध्ये नाताळात झुलूंचे बंड झाले. गांधीजी सार्जंट मेजर या हुद्द्यावर वीसेक जणांची तुकडी घेऊन गेले. तिथे त्यांच्या वाट्याला आले ते बहुतांश झुलू जखमी. अनेकांच्या पाठी चाबकाने फाटलेल्या, आणि गोरे परिचारक त्यांना हात लावायला तयार नव्हते. ही माणसाची शिकारच आहे, असे गांधीजींचे मत झाले. पदक मात्र याही मोहिमेचे मिळाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जोहान्सबर्गच्या सभेतून सत्याग्रहाची सुरुवात झाली. जखमा धुण्याची सवय मात्र कायम राहिली. पुढे सेवाग्राममध्ये कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा त्यांनी स्वतः केली.

१९१८ चा प्रसंग अनेकांना अडचणीचा वाटतो. पहिल्या महायुद्धासाठी गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरती करत फिरले, तीही लढणाऱ्या सैनिकांची. प्रतिसाद फारसा मिळाला नाही. १९२० मध्ये असहकार सुरू करताना त्यांनी बोअर आणि झुलू युद्धांची पदके कैसर-ए-हिंद सुवर्णपदकासह व्हाइसरॉयना परत केली.

मग त्यांचा निष्कर्ष काय?

‘मी फक्त जखमी उचलले’ ही सबब त्यांनी स्वतःसाठी वापरली नाही. युद्धात शुश्रूषा करणाराही युद्धाच्या दोषातून सुटत नाही, असे त्यांनी आत्मकथेत स्पष्ट केले. समान मानाची मागणी करणारे हा अर्धा भाग सहसा सोडून देतात. स्ट्रेचर किंवा दारूगोळा सांभाळणाऱ्याला सैनिकाइतका मान द्यायचा, तर युद्धातला त्याचा वाटाही तेवढाच मानावा लागेल.

भारतात आज नियम काय?

परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी दिले जातात. शत्रू समोर नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र आहेत. मानक्रमात परमवीर चक्र पहिले आणि अशोक चक्र दुसरे. महावीर चक्र त्यानंतर येते.